तेलात शिरलेले पाणी

मोटारीच्या इंजिनात दोन द्रव सतत फिरत असतात, आणि त्या दोघांची गाठ कधीही पडू नये अशीच सर्व रचना केलेली असते. एक वंगणाचे तेल. ते तळाच्या चेंबरमधून पंपाने वर चढते, क्रँकची बेअरिंगे भिजवते व पुन्हा चेंबरमध्ये गळून येते. दुसरे पाणी, किंवा त्याच्या जागी घालतात ते कूलंट. ते सिलिंडरांभोवती खेळून तेथील उष्णता रेडिएटरकडे वाहून नेते. या दोहोंमधील भिंत कोठे ओतीव लोखंडाची, कोठे पातळ गॅस्केटची, तर कोठे नुसत्या रबराच्या कड्याची असते. इंजिन म्हातारे झाले म्हणजे यांपैकी एखादी भिंत दगा देते आणि पाणी तेलात उतरते. ते नेमके कोठून उतरले हे ओळखावे कसे, याविषयी, श्रोतेहो, आज थोडे बोलावयाचे आहे.

हा विषय शाळामास्तराचा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु आमच्या देवासच्या शाळेची एक जुनी डिझेल बस आहे, आणि तिने मला तो शिकविला. नाताळच्या सुटीपूर्वी आम्ही मुलांना तिच्यातून धारमार्गे मांडू पाहावयास नेले होते. परतताना वाटेत दोनदा रेडिएटरमध्ये पाणी भरावे लागले. खाली तर थेंबही सांडलेला दिसेना! दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने तेल मोजण्याची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. तेल कमी होण्याऐवजी खुणेच्या वर चढले होते, आणि त्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा झाला होता.

पाणी आटते, तेल वाढते आणि तेल पांढुरके होते, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की शंकेस जागा उरत नाही. त्यांतले एकच दिसले तर मात्र घाई करू नये. माळव्याच्या थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस जमतो. ती केवळ हवेतली वाफ असते. गाडी एकदा लांब पल्ल्यावर तापविली की तो फेस नाहीसा होतो. तेल वाढले पण पांढरे झाले नाही, उलट पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येऊ लागला, तर आत शिरलेला पाहुणा पाणी नसून डिझेल आहे. खात्री करून घेण्याची जुनी युक्ती अशी की गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा ड्रेन नट हळूच सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी बसते व पहिल्याने तेच बाहेर येते. कूलंट रंगीत असेल तर त्याचा रंगही ओळखू येतो. तेलाचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला असता तो तडतडला, तरी त्यात पाणी आहे असे समजावे.

येथपर्यंतचे निदान कोणीही करील. खरी फसगत पुढे होते. पांढरे तेल पाणी शिरले एवढेच सांगते, कोणत्या दाराने शिरले हे सांगत नाही. आमची बस ज्या गॅरेजात नेली तेथे तेल पाहताच ‘हेड गॅस्केट गेले’ असा निर्णय झाला. हेड उतरविले, घासून सपाट केले, नवे गॅस्केट घातले आणि शाळेने पैसे मोजले. पंधरा दिवसांत तेल पुन्हा दुधाळ!

गॅस्केट पुष्कळदा गुन्हेगार असते हे खरे. नर्मदा ओलांडून खलघाटाहून मानपूरकडे माळव्याच्या पठारावर चढणारे भरलेले ट्रक पाहिले की हेडवर किती ताप पडत असेल याची कल्पना येते. एकदा इंजिन अतिशय तापले की हेड वाकते आणि गॅस्केटची पकड सुटते. पण गॅस्केटचा दोष बहुधा आणखी साक्षी ठेवतो. इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण काढून ते सुरू केले तर पाण्यात बुडबुडे उठतात, कारण सिलिंडरातील वायू पाण्यात घुसतो. मागून पांढरा धूर येतो, आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखेच कमी भरते. (तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.) आमच्या बसमध्ये यांपैकी एकही साक्ष नव्हती, आणि ती कोणी विचारलीही नव्हती.

दुसरे दार ऑइल कूलरचे. ज्या इंजिनांत तेल थंड करण्यासाठी कूलंटचाच उपयोग करतात, तेथे दोहोंमध्ये धातूचा पातळ पडदा असतो. त्यास भोक पडले तर गंमत होते. इंजिन चालू असता तेलाचा दाब पाण्याच्या दाबाहून पुष्कळ अधिक असतो, म्हणून तेल पाण्यात जाते. इंजिन बंद होताच तेलाचा दाब शून्यावर येतो, परंतु गरम पाणी आपला दाब बराच वेळ राखून असते, आणि मग उलटा प्रवास सुरू होतो. म्हणून रेडिएटरमध्येही तेलाचा तवंग दिसला तर हेडला हात लावण्यापूर्वी कूलर सोडवून तपासावा. एक बाजू बंद करून हवा भरावी व पाण्यात बुडवावा, सायकलच्या ट्यूबसारखा.

तिसरे दार जुन्या डिझेल इंजिनांचे खास आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत व ट्रकांत सिलिंडरचा लायनर प्रत्यक्ष पाण्यात उभा असतो आणि त्याच्या बुडाशी रबराची कडी पाणी अडवितात. रबर कडक झाले, किंवा कड्यांची बैठक गंजली, की पाणी गुपचूप चेंबरमध्ये झिरपते. धूर नाही, बुडबुडा नाही, इंजिन जोरात चालत असते.

शेवटी बस आम्ही धारच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे ओढून नेली. धार जिल्ह्यातील पीथमपूरला १९८६ पासून आयशरचे ट्रक बनत आले आहेत, त्यामुळे या बाजूस डिझेलचे जाणकार पुष्कळ. मिस्त्रीकाकांनी हेडला हातच लावला नाही. त्यांनी तेल काढले, चेंबर उतरविला, खाली वर्तमानपत्र अंथरले आणि रेडिएटरवर हातपंप बसवून झाकणावर लिहिला होता तेवढाच दाब दिला. मग बिडी पेटवून म्हणाले, “मास्तर, आता बसा आणि बघा.” लायनरच्या बाहेरच्या अंगाने थेंब आला तर बुडाची कडी, पिस्टनच्या कडेने आतून आला तर गॅस्केट किंवा चीर, असा त्यांचा हिशेब. गार इंजिनात काहीच न दिसले तर ते गरम पाणी भरून पुन्हा पाहतात, कारण काही चिरा तापल्यावरच तोंड उघडतात. अर्ध्या तासाने तिसऱ्या लायनरच्या बाहेरून एक थेंब लोंबला आणि कागदावर पडला.

लायनर काढल्यावर कड्यांच्या बैठकीत गंजाचे खड्डे दिसले. आम्ही वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये बोअरिंगचे जड पाणी ओतीत आलो होतो. कूलंट गंजास आवर घालते, हे माझ्यासारख्या विज्ञान शिकविणाऱ्यास ठाऊक असावयास हवे होते! मिस्त्रीकाकांनी मेन बेअरिंगही सोडवून दाखविले. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर भार पेलू शकत नाही, म्हणून मऊ धातूवर ओरखडे उठले होते. आणखी आठवडाभर मुलांना नेले-आणले असते तर क्रँक अडकून बस भर रस्त्यात थांबली असती. बेअरिंगे, कडी आणि फिल्टर नवे घातले, साध्या तेलाने इंजिन दोनदा धुऊन काढले आणि मगच चांगले तेल भरले. आता बसमध्ये हिरवे कूलंट असते, आणि ड्रायव्हर रोज पहिल्या फेरीपूर्वी पट्टी काढून तेलाची पातळी वहीत लिहितो.