आवाज वाढवून संवाद कळतात का?

‘अहो, आवाज वाढवा, काय बोलतायत ते कळत नाही.’ पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू होते आणि ‘कमी करा, कमी करा!’ हे बहुतेक घरांत रोज चालतं. मग होम थिएटर बदलायचं ठरतं आणि दुकानात नजर जाते ती वॅटच्या आकड्यावर, नाहीतर भल्यामोठ्या सबवूफरवर.

या दोन्हींनी मूळ अडचण सुटत नाही. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. स, श, त, फ यांची ओळख साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात दडलेली असते आणि वयोमानानुसार आधी कमी होतं ते या वरच्या पट्टीतलंच ऐकणं. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही आजोबांची तक्रार म्हणूनच शब्दशः खरी असते. सबवूफर मात्र साधारण १२० हर्ट्झच्या खाली घुमतो. त्याचा दणका वाढला की नाजूक व्यंजनं आणखी झाकली जातात. वॅटचंही तसंच. अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

मग आधी काय बदलायचं? खोली! गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती, मोठी काच. दिवाणखान्यात उभं राहून एक टाळी वाजवा. ती खणखणत राहिली, तर संवादांचंही तेच होतंय: एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडतेय. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट यांनी पडणारा फरक महागड्या यंत्रालाही साधत नाही.

त्यानंतर मधला स्पीकर. ५.१ मांडणीत चित्रपटाचे संवाद प्रामुख्याने याच स्पीकरमधून येतात, आणि आपण त्याला टीव्हीखालच्या कप्प्यात कोंबतो! तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, तोंड कानांच्या दिशेने तिरकं करा, सेटिंगमध्ये फक्त त्याचा आवाज २-३ डेसिबल वाढवा. एवढं करूनही भागलं नाही, तर पैसे या स्पीकरवर घाला. मागचे स्पीकर आणि सबवूफर थांबू शकतात.

सरसकट आवाज वाढवण्याची किंमत कान मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ८० डेसिबल ४० तास सुरक्षित. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते.

आणि घरातल्या एकाच माणसाला आवाज वाढवून लागत असेल, तर खरेदी लांबवा. आधी त्यांची ऑडिओमेट्री करून घ्या. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष झालं की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला पडतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्येही त्याची गणना होते. चाचणी साधी आहे, सुई टोचावी लागत नाही. फक्त ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्यांना तिथपर्यंत नेणं तेवढं अवघड.