तारीख अडली, की आपणच अडवली?

मेकॅनिकल घड्याळाची एक तक्रार ठरलेली असते: "वेळ अगदी बरोबर दाखवतंय, फक्त तारीख बिघडली." या वाक्याचा पहिला भाग नीट ऐकला तर निम्मं निदान तिथेच होतं. वेळ बरोबर आहे म्हणजे मुख्य यंत्र शाबूत आहे. तारखेची यंत्रणा त्याला जोडलेला एक वेगळा, छोटा भाग असतो, आणि तो असतो डायलच्या खाली. मागचं झाकण उघडून कितीही निरखलं तरी तो दिसत नाही.

तिथे एक सपाट कडं असतं. त्याच्या आतल्या कडेला ३१ दाते आणि वरच्या बाजूला १ ते ३१ आकडे. तासकाट्याचं चाक १२ तासांत एक फेरा घेतं; त्याच्यापासून गती घेणारं दुसरं चाक निम्म्या वेगाने, म्हणजे २४ तासांत एकदा फिरतं. या दुसऱ्या चाकावर एक बोट असतं. रोज रात्री ते कड्याच्या एका दात्याला लागतं आणि कडं एक घर पुढे ढकलतं. एरवी कडं हलू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर एक खटका दोन दात्यांमध्ये बसलेला असतो. चावी मधल्या टप्प्यावर ओढून आपण तारीख बदलतो तेव्हा मात्र हे बोट कामाला येत नाही. वेगळंच एक लहान चाक त्याच कड्याला ढकलतं. म्हणजे एका कड्याला ढकलणारे दोघे आहेत. बहुतेक गैरसमज आणि बरीचशी मोडतोड इथूनच सुरू होते.

"रात्री तारीख बदलायची नाही, दिवसा बदलली तर चालतं"

हा नियम खरा आहे, पण अर्धवट ऐकलेला. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात चावीने तारीख बदलू नका, असं सेकोच्या ४आर३६ सारख्या यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं. इतर यंत्रांत तास थोडे पुढेमागे होतात. कारण या वेळात बोट दात्याला भिडलेलं असतं. त्याच वेळी दुसऱ्या चाकाने कडं रेटलं तर दाता बोटावर आदळतो, आणि दोघांपैकी जो दुबळा तो वाकतो किंवा तुटतो.

पण हे रात्रीचे नऊ कोणाचे? भिंतीवरच्या घड्याळाचे नव्हेत, हातातल्या घड्याळाचेच. ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवलं की साधारण ४० तास चालतं. शनिवारी सकाळी काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी रात्री साडेदहा-अकराला थांबू शकतं. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना माणूस ते उचलतो, बाहेर लख्ख ऊन असतं, आणि निर्धास्तपणे तारीख फिरवतो. काटे मात्र रविवारच्या रात्रीतच उभे असतात आणि बोट दात्यात असतं. डायलवर बाराच तास असल्यामुळे हे अकरा सकाळचे की रात्रीचे, हे नुसतं बघून कळतही नाही.

म्हणून एकच क्रम अंगवळणी पाडावा. आधी चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत सहावर आणावेत. सकाळचे सहा असोत की संध्याकाळचे, दोन्ही वेळा बोट दात्यापासून दूर असतं. मग चावी मधल्या टप्प्यावर घेऊन कालची तारीख लावावी. आजची नव्हे, कालची. त्यानंतर चावी पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे न्यावेत. ज्या बाराला तारीख उलटून आजची होईल ती मध्यरात्र. तिथून पुढे खरी वेळ लावावी. दुपार उलटून गेली असेल तर काट्यांचा आणखी एक फेरा घ्यावा लागतो.

"माझ्या घड्याळाची तारीख दुपारी बारालाच बदलते" या तक्रारीवरही हाच उपाय आहे. त्यात बिघाड काहीच नसतो. घड्याळ बारा तासांनी चुकीचं लावलेलं असतं, इतकंच.

चुकून भलत्या वेळी तारीख फिरवली म्हणून लगेच हाय खायचं कारण नाही. बऱ्याच यंत्रांत बोटाला थोडी लवचीकता ठेवलेली असते, आणि काही नव्या यंत्रांत हे बंधनच उरलेलं नाही. पुढच्या दोन-तीन रात्री तारीख आपोआप आणि पूर्ण बदलली, तर निभावलं असं समजावं. चावी फिरवताना अडकल्यासारखं वाटलं तर मात्र तिथेच थांबावं. जोर लावून आजवर कोणाची तारीख सुटलेली नाही.

"बाराच्या ठोक्याला बदलली नाही, म्हणजे यंत्र खराब"

झटक्यात तारीख बदलणारी यंत्रं असतात. त्यांत संध्याकाळपासून एका स्प्रिंगमध्ये ताण साठत जातो आणि मध्यरात्री तो एकदम सुटतो. पण सगळी घड्याळं तशी नसतात. साध्या यंत्रात आकडा तास-दोन तास हळूहळू सरकत राहतो, आणि साडेअकराला खिडकीत दोन अर्धवट आकडे दिसणं हा दोष नव्हे.

वार दाखवणाऱ्या घड्याळात तर गंमतच असते. सेको ५ मध्ये वाराच्या चकतीवर दोन भाषांतले वार आलटून पालटून छापलेले असतात, म्हणजे सातऐवजी चौदा घरं. रोज रात्री चकतीला दोन घरं ओलांडावी लागतात. त्यामुळे आधी तारीख बदलते, मग खिडकीत काही वेळ परक्या भाषेतला वार येऊन उभा राहतो, आणि पहाटेपर्यंत आपल्या भाषेतला वार जागेवर येतो. रात्री दोनला जाग आली आणि घड्याळात अनोळखी लिपी दिसली, तर पुन्हा झोपावं.

तारीख रोज ठरावीक फरकाने उशिरा, समजा एक वाजता, पूर्ण होत असेल तर बहुधा तासकाटा बसवताना जरासा सरकलेला असतो. काटा काढून, तारीख पलटते त्या क्षणी बारावर पुन्हा बसवला की काम झालं. दुरुस्तीवाल्याला हे सांगायला संकोचू नये.

"चावीने तारीख बदलत नाही, म्हणजे भाग तुटलाय"

आधी त्या यंत्रात ती सोय होती का ते पाहावं. रोलेक्सचं डेटजस्ट १९४५ साली आलं, पण चावीने झटपट तारीख बदलण्याची सोय त्याला १९७७ मध्ये, ३०३५ या यंत्राबरोबर मिळाली. त्याआधी तीस वर्षं मालक काटेच फिरवत होते. अशा जुन्या घड्याळांपैकी काहींत मध्यरात्र ओलांडून काटे मागे नऊच्या आसपास न्यायचे आणि परत पुढे आणायचे, की दर खेपेला एक तारीख पुढे जाते. काहींत पूर्ण चोवीस तासच फिरवावे लागतात. सेकोच्या ६११९ सारख्या यंत्रांत चावी ओढायची नसून आत दाबायची असते. आणि चावी आट्यांची असेल तर आधी ती सोडवावी लागते. पाणबुड्यांच्या धाटणीच्या घड्याळात हे हमखास विसरलं जातं.

याच्या उलट प्रकारही दिसतो. डायलवर तारखेची खिडकीच नाही, पण चावीला मधला टप्पा आहे, आणि तिथे ती फिरवली तर काहीच होत नाही. कंपनीने तारखेचंच यंत्र बिनतारखेच्या डायलखाली बसवलेलं असतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

खरा बिघाड असेल तर दोन प्रश्नांत पत्ता लागतो. काट्यांनी मध्यरात्र ओलांडल्यावर तारीख बदलते का? आणि चावीच्या मधल्या टप्प्यावर बदलते का? चावीने बदलते पण रात्री आपोआप नाही, तर बोट किंवा त्याचं चाक गेलंय. रात्री बदलते पण चावीने नाही, तर ते लहान चाक किंवा चावीच्या दांडीचा भाग झिजलाय. दोन्हीकडून नाही, किंवा आकडा खिडकीत अधांतरी राहतो, किंवा एका रात्रीत दोन तारखा उडतात, तर खटका आणि त्याची स्प्रिंग आधी तपासावी. एवढं नेमकं सांगितलं की दुकानात "पूर्ण सर्व्हिसिंग करावं लागेल" हे उत्तर जरा विचार करून येतं.

"तारखेमुळे घड्याळ रात्री बंद पडतं, तो भागच काढून टाका"

हा सल्ला सरसकट ऐकू नये. तारीख ढकलायला ताकद लागते आणि ती मुख्य स्प्रिंगकडूनच येते. आत तेल सुकलं असेल किंवा घड्याळाला पुरेशी चावी बसलेली नसेल, तर दिवसभर कसंबसं चालणारं यंत्र रात्री अकरा-बाराला, नेमक्या जास्तीच्या भाराखाली मान टाकतं. तारीख अर्धी सरकलेली दिसते, म्हणून खापर तिच्यावर फुटतं. आधी पूर्ण चावी देऊन दोन रात्री पाहावं. तेव्हाही थांबलं तर साफसफाई आणि तेलपाणी मुख्य यंत्राचं करायला हवं.

घरचं शिलाई मशीनचं तेल मात्र चावीच्या फटीतून सोडू नये. ते पसरत कड्यावर आणि डायलवर येतं, धूळ धरून ठेवतं, आणि खटका जो मोकळा राहायला हवा तोच चिकटतो.

"महिना तिसांचा असला की तारीख चुकते"

कड्याला दाते ३१ आहेत. महिना कोणता हे त्याला कळायचा मार्ग नाही. वर्षातले पाच महिने ३१ पेक्षा लहान, म्हणून वर्षातून पाच वेळा हात लावणं आलं. १ मे रोजी सकाळी घड्याळ ३१ दाखवतं, एक घर पुढे न्यायचं. १ मार्चला साध्या वर्षी २९ दाखवतं, तीन घरं न्यायची. ही कटकट वाचवणारी घड्याळं आहेत. पाटेक फिलिपने १९९६ मध्ये आणलेल्या वार्षिक कॅलेंडरच्या घड्याळाला फक्त फेब्रुवारीअखेर हात लावावा लागतो, आणि पर्पेच्युअल कॅलेंडर लीप वर्षही सांभाळतं. तरी त्यातली बहुतेक २१०० साली चुकतील, कारण ते वर्ष चारने भागलं जात असूनही लीप नाही.

"क्वार्ट्झला ही भानगड नाही"

बॅटरीने चालणाऱ्या घड्याळात तारखेची खिडकी असेल तर तिच्यामागेही सहसा असंच दातेरी कडं आणि असंच बोट असतं, बऱ्याचदा प्लास्टिकचं. काटे आधी सहावर आणण्याचा क्रम तिथेही तोच.