वाकडा कंदील, चिरलेला केक

ऑफिस, ट्रॅफिक, ईएमआय आणि होमवर्क... या सगळ्यात मुलांबरोबर काहीतरी हातानं बनवायचं, तेही शेजाऱ्यांना वाटण्याइतकं? जमतं हो! फक्त 'परफेक्ट'चा नाद सोडायला हवा.

शुक्रवारची रात्र. साडेनऊला लॅपटॉप बंद होतो न होतो तोच आतून हाक येते, "आई, उद्या 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' न्यायचंय!" घरात वेस्ट भरपूर असतं, प्रश्न बेस्टचा असतो. कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान बंद, फेविकॉल वाळलेला, बाबा क्लायंट कॉलवर. शेवटी रात्री पावणेबाराला आई एकटीच आइस्क्रीमच्या काड्यांचं घर चिकटवत बसलेली. आणि ज्याचं प्रोजेक्ट, तो? गाढ झोपेत!

ओळखीचं वाटतंय ना?

आता रविवार घ्या. दुपारी निवांत फोन उघडावा, तर कुणीतरी दोन मजली युनिकॉर्न केक केलेला, कुणी क्विलिंगचा गणपती. आपण लाइक ठोकतो आणि मनातल्या मनात खट्टू होतो. मग जिद्दीनं ओटीजी येतो, सिलिकॉनचे मोल्ड येतात, तीन प्रकारचे नोझल येतात. पहिला केक मधोमध बसतो आणि पुढचे सहा महिने ओटीजीत ब्रेड टोस्ट होत राहतो.

म्हणजे जी गोष्ट मजेसाठी करायची, तिचीही डेडलाइन झाली. ऑफिसात एक बॉस, घरी दुसरा!

हे फॅड नवं नाहीच

बेकिंग आणि क्राफ्ट हे इंग्रजी शब्द काढून टाका, मग बघा. मे महिन्याच्या सुट्टीत घरी नानखटाईचं पीठ मळलं जायचं. मुलं ताटांतून, डब्यांतून ते घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायची. भट्टीवाला किलोवर मजुरी घ्यायचा आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये आपली नानखटाई भाजून द्यायचा. कुणाची कुठली, याच्या गोंधळात ट्रेवर नावाची चिठ्ठी लागायची. घरात ओव्हन नसला तरी बेकिंग होतंच की!

दिवाळीत बांबूच्या कामट्या, घोटीव कागद आणि मैद्याची खळ एवढ्यावर कंदील व्हायचा. अंगणात मातीचा किल्ला, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली झाडी आणि वर सिंहासनावर शिवाजी महाराज. संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने गुंफले जायचे. याला कुणी 'डीआयवाय' म्हणत नव्हतं, एवढंच.

आणि केक? तो तर आपल्या आज्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात, खाली वाळू घालून केलाय. काचेचं झाकण असलेला गोल इलेक्ट्रिक ओव्हन आठवतोय? कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि नव्या सुनांच्या हाती पडलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची मापं. ना वजनकाटा, ना मेजरिंग कप.

पण या सगळ्याचा असली फंडा बनवण्यात नव्हताच. तो होता वाटण्यात! फराळाची ताटं क्रोशाच्या रुमालाखाली झाकून जिन्यावरून खाली-वर जायची. शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तर अलिखित कायदा. काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर घालून परत. चकली मऊ पडली, लाडू कडक झाला, तरी ताट जायचंच.

आपण नेमकं तेच विसरलो. आता लाडू कडक झाला तर आपण फोटो टाकत नाही!

आपण केलं, म्हणून आवडलं

यावर चक्क संशोधनही झालंय बरं का. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिअली या तिघांनी २०१२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांना कागदाचे ओरिगामी पक्षी घडी घालून करायला दिले. नवशिक्यांचे पक्षी दिसायला यथातथाच होते. पण स्वतःच्या पक्ष्याची किंमत त्यांनी जवळजवळ तज्ज्ञांनी केलेल्या पक्ष्यांइतकी लावली! फर्निचर घरी आणून स्वतः जोडायला लावणाऱ्या कंपनीवरून या प्रकाराला 'आयकिया इफेक्ट' म्हणतात.

पण या संशोधनात आई-बाबांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. वस्तू अर्धवट राहिली किंवा करून मोडून टाकली, तर ही ओढ उरत नाही. म्हणजे नुसती मेहनत पुरत नाही, काम पूर्ण व्हायला लागतं.

आता पुन्हा त्या शुक्रवारच्या रात्रीकडे बघा. काड्यांचं घर पूर्ण कुणी केलं? आईनं. मग ते घर कुणाचं? सोमवारी शाळेत त्याला 'छान' शेरा मिळेलही, पण मुलाला त्याचं काय? उलट, मुलानं स्वतः चिकटवलेलं तीन भिंतींचं, बिनछपराचं घर त्याच्या कपाटावर वर्षभर राहील. हात लावून बघा, भांडण होईल!

म्हणून पहिला नियम: मोठं आणि देखणं नको. छोटं आणि एका बैठकीत, मुलाच्याच हातून पूर्ण होणारं हवं.

दीड तासाचा हिशेब

आठवड्याला दीड तास निघतो का? शनिवारची एक वेब सिरीज कमी केली तर निघतो. आता या दीड तासात काय बसतं आणि काय नाही, ते आधीच ठरवा. फॉन्डंटचा केक बसत नाही. क्विलिंगचा गणपती तर नाहीच नाही. पणत्या रंगवणं बसतं. जुन्या लग्नपत्रिकांचे बुकमार्क आणि पाकिटं बसतात. गेरूच्या रंगाच्या कार्डपेपरवर पांढऱ्या पोस्टर कलरनं वारली चित्रं बसतात: त्रिकोण, गोल आणि रेघा एवढंच तर लागतं.

आणि नानखटाई बसते. अगदी आरामात!

दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, पाऊण ते एक वाटी थिजलेलं तूप, चिमूटभर खायचा सोडा, वेलची-जायफळ. वाटी कुठलीही चालेल, पण सगळ्याला एकच. तूप आणि साखर हलकं होईपर्यंत फेसायचं. हे काम मुलाचं, हात दुखले की बाबांचं. मग पीठ घालून गोळा वळेल इतकंच मळायचं. छोटे गोळे, वरून अंगठ्यानं दाब, त्यात पिस्त्याचा काप. ओव्हन १७० अंशांवर आधी तापवून घ्या आणि पंधरा ते वीस मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर नानखटाई मऊ लागते आणि इथेच सगळे फसतात. 'कच्ची राहिली' म्हणून पुन्हा आत ढकलू नका. गार झाली की ती आपोआप खुसखुशीत होते.

ओव्हन नाही? मग रवा केक. एक वाटी बारीक रवा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तेल, लागेल तसं दूध. वीस मिनिटं भिजू द्या. तेवढ्यात जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून मंद आचेवर तापत ठेवा. शेवटी मिश्रणात अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घाला आणि लगेच तूप लावलेल्या डब्यात ओतून पातेल्यात ठेवा. दह्यातल्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की बुडबुडे सुटतात. मिश्रण ओट्यावर ताटकळलं तर ते निघून जातात आणि केक बसतो. सुमारे चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून बघा. कोरडी बाहेर आली की झालं. मिठावरचा केक वर फारसा लाल होत नाही आणि बरेचदा चिरतो. चिरू दे!

एक सूचना मात्र गंभीरपणे. भांडं चाटायचा मोह मुलांना होतोच, पण कच्चं पीठ आणि कच्चं अंडं पोटाला बाधू शकतं. चाटायचं असेल तर वरून लावायचं चॉकलेट चाटा.

बाबा कुठे आहेत?

आता जरा टोचणारा प्रश्न. केंद्राच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा? ९७ मिनिटं. म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तास.

अशा घरात 'चला, आज मुलांबरोबर केक करू' म्हटलं की काय होतं? मजा सगळ्यांची आणि सिंकमधली भांडी आईची! मग पुढच्या रविवारी आई म्हणते, नको बाई, विकतचाच आणा. तिचं काय चुकलं? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी केक झाले, वाढदिवस घरच्या केकवर साजरे झाले. ऑफिसं पुन्हा सुरू झाल्यावर कितीतरी घरांतला तो उत्साह ओसरला. वेळ कमी पडला हे खरंच, पण मैद्यानं माखलेला ओटा पुसणारं माणूस एकच होतं, हेही खरं.

म्हणून नियम दुसरा: ज्यांनी बनवलं, त्यांनीच आवरलं. दीड तासातली शेवटची वीस मिनिटं आवरण्याची. चार वर्षांचं मूल टेबल पुसू शकतं, आठ वर्षांचं वाट्या-चमचे धुऊ शकतं. आणि पस्तीस वर्षांचा बाबा सगळंच करू शकतो! कंदिलाच्या कामट्या बांधायचं खातं पूर्वी घरातल्या पुरुषांचंच असायचं. त्यांना आता नानखटाईच्या ट्रेपर्यंत आणायचंय, एवढंच.

आता वाटायचं!

पंचवीस नानखटाया झाल्या. घरात तिघं. मग बाकीच्या?

इथेच खरी गंमत सुरू होते. सोसायटीत शेजारचा फ्लॅट नंबर माहीत असतो, आडनाव लिफ्टमधल्या पाटीवरून कळतं, पण बोलणं 'गुड मॉर्निंग'च्या पुढे जात नाही. चार नानखटाया घेऊन मुलानं बेल वाजवली की दार उघडतंच. आणि 'हे मी केलंय' असं सांगायला मिळणं, हे मुलाला कुठल्याही शेऱ्यापेक्षा मोठं वाटतं.

थोडं भान मात्र ठेवा. अंडं घातलंय की नाही, हे न विचारता सांगा. आपल्या बिल्डिंगमध्ये कुणी जैन असतं, कुणाची चतुर्थी असते, कुणाला दाण्यांची ॲलर्जी असते. छोटी चिठ्ठी चिकटवा: 'अंडं नाही, पिस्ता आहे.' चिठ्ठी मुलाच्याच अक्षरात हवी. शुद्धलेखन तपासू नका! वॉचमनकाका आणि कामाच्या मावशींना फुटके तुकडे नकोत, त्यांनाही चिठ्ठीसकट अख्खे चार. ऑफिसात न्यायचं तर डबा पँट्रीत उघडून ठेवा आणि 'जरा बिघडलंय' ही प्रस्तावना टाळा. चव घेणाऱ्याला ठरवू द्या.

हो, आणि चार जणांनी वाहवा केली की पाचवा हमखास म्हणतो, ऑर्डर का घेत नाहीस? जरूर घ्या, कितीतरी जणींनी त्यातून छान व्यवसाय उभा केलाय. पण मग एफएसएसएआयची नोंदणी आली, वेळेवर डिलिव्हरी आली, हिशेब आला. ते काम झालं. आपल्या दीड तासाला त्यापासून जरा लांबच ठेवा.

झटपट टिप्स

* सामान एकदाच आणा. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट, पुणेकरांना रविवार पेठेतली बोहरी आळी. यादी करून जा, नाहीतर नोझल घेऊन याल!
* एक 'खोका' ठेवा: कात्री, फेविकॉल, सुतळी, जुन्या पत्रिका, कार्डपेपर. रात्री साडेनऊची हाक आली की तोच कामाला येतो.
* प्रोजेक्टची तारीख कळली की कॅलेंडरवर टाका, ऑफिसच्या मीटिंगसारखी. निमंत्रण आई-बाबा दोघांना!
* मुलानं वाकडं कापलं तर सरळ करू नका. हात पाठीमागे बांधून उभे राहा.
* फोटो काढायचाच तर पदार्थाचा नको, बनवणाऱ्या हातांचा काढा.

या रविवारी डबा शेजारी पाठवताना स्टीलचाच पाठवा, वापरून फेकायचा नको. स्टीलचा डबा परत करावा लागतो. आणि आपल्याकडे तो रिकामा परत येत नाही.