जुलाबात एवढं पाणी येतं कुठून?

लेकराला जुलाब लागले की घरात कुणीतरी म्हणतंच, "पाणी देऊ नका, आणखी होतील." हा समज जिवावर बेततो. कॉलऱ्यात बाहेर पडणारं पाणी प्यायलेलं नसतं, ते रक्तातून आलेलं असतं.

आतड्याच्या अस्तराच्या पेशींना क्लोराइडची बारीक दारं असतात. सीएफटीआर हे त्यातलं मुख्य. एरवी ते गरजेपुरतं उघडतं. क्लोराइड आतड्यात उतरतं, मागोमाग सोडियम, आणि मिठाच्या मागे पाणी. आतडं ओलं राहतं ते यामुळेच. कॉलऱ्याचे जंतू पेशीत शिरत नाहीत, त्यांचं विष शिरतं (ते 1959 साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं). त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि दार उघडंच राहतं. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

पण याच पेशींना दुसरंही दार आहे, साखर आणि सोडियम जोडीनेच आत घेणारं. विष त्याला धक्का लावत नाही. ओआरएस चालतं ते इथूनच, म्हणून त्यात साखर-मीठ दोन्ही लागतं. 1971 मध्ये बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांमध्ये सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाजलं. मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 वर आले.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, कारण पहिलं दार उघडंच असतं. म्हणून "दवा लागू पडली नाही" म्हणत ते बंद करू नका. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. अंगावरचं दूधही चालू ठेवा. मूल सुस्त पडलं किंवा लघवी थांबली तर लगेच दवाखाना गाठा, वाटेतही पाजत राहा.