कानाची खोटी साक्ष

१ जानेवारी १९७८ ची रात्र. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान दुबईला निघाले. दोन मिनिटेही झाली नसतील, तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ माणसे मृत्युमुखी पडली.

विमान आधी थोडे उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले होते. पण मुख्य वैमानिकासमोरचे उपकरण ते उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. ही ‘चूक’ सुधारण्यासाठी वैमानिकाने विमान डावीकडे कलविले आणि कलवीतच नेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. शेवटी विमान काटकोनाहूनही अधिक कलले.

विद्यार्थी मित्रांनो, एवढे प्रचंड विमान आडवे होते आणि चालविणाऱ्याला ते कळत नाही, हे कसे? दिवसा क्षितिज दिसते. रात्री काळ्या समुद्रावर ते दिसत नाही. मग उरतो तो आपला कान.

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके फिरू लागले, की जडत्वामुळे द्रव मागे राहतो, आतील सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला बातमी मिळते. पण फिरणे एकसारख्या वेगाने चालू राहिले, तर द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि बातमी बंद पडते. फिरण्याची सुरुवात फारच सावकाश झाली, तर ती मुळीच कळत नाही.

हे स्वतः पाहता येईल. मित्राचे डोळे बांधून त्याला फिरत्या खुर्चीवर बसवा व एकसारखे, हळू फिरवा. काही वेळाने तो म्हणेल, ‘थांबलो.’ मग खुर्ची खरोखरच थांबवा. तो म्हणेल, ‘उलटा फिरतोय!’ (शेजारी दोघे धरायला हवेत.)

दुसरी फसगत वजनाची. बस वळली, की आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो. विमान मात्र वळताना योग्य तेवढे कलते, त्यामुळे प्रवासी आपल्या आसनातच सरळ दाबला जातो. कपातला चहासुद्धा सांडत नाही!

कल वाढला, की धोका वाढतो. पंखांवरची वर उचलणारी प्रेरणाही विमानाबरोबर कलते. ६० अंशांच्या कलात तिचा उभा घटक निम्माच उरतो, ९० अंशांत शून्य. वजन तोलायला काहीच उरत नाही आणि विमान खाली येऊ लागते.

म्हणूनच वैमानिकापुढे ‘कृत्रिम क्षितिज’ असते. वेगाने फिरणारा भोवरा आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही, हे त्यामागचे तत्त्व. ते उपकरणही बिघडू शकते, म्हणून सहवैमानिकासमोर दुसरे आणि मधोमध तिसरे राखीव असते. ‘सम्राट अशोक’मध्येही ती होती; पण त्यांच्या आधारे विमान वेळीच सावरता आले नाही. नियंत्रण सुटणे हे आजही प्राणघातक विमान अपघातांचे एक मोठे कारण आहे. तिन्ही उपकरणे ताडून पाहावीत, एकट्यावर विसंबू नये आणि कानावर तर नाहीच, हे वैमानिकांना पुन्हा पुन्हा शिकविले जाते.

आता एक गणित : विमान ४५ अंश कलले असता उंची न गमावता वळायचे, तर पंखांवरची प्रेरणा वजनाच्या किती पट हवी? आकृती काढून उत्तर शोधा.