तांब्याची मूठ आणि रुग्णालयातील जंतू

तिरोडी म्हटले की मँगनीज आठवते. पण याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. या धातूचा रुग्णालयास होणारा उपयोग फारसा ठाऊक नाही. औषधांना न जुमानणारे काही जंतू पोलादी मुठींवर, खाटेच्या कठड्यांवर कित्येक दिवस तग धरतात. उघड्या तांब्यातून सुटणारे विद्युत्भारित कण मात्र जंतूचे आवरण भेदून आतील जननद्रव्य नासवतात. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, नियमित पुसलेली तांब्याची मिश्रधातू दोन तासांत ९९.९ टक्के जंतू मारते, हा दावा मान्य केला. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकसही त्यांत होता. पितळेतही पुष्कळ तांबे असतेच. तेव्हा जुन्या पितळी कड्या काढून टाकण्याची घाई कशाला? हात मात्र धुतलेच पाहिजेत. कडी काळवंडली तरी चालेल. चकाकीसाठी तिच्यावर वार्निश तेवढे चढवू नये, त्याखाली तांबे जंतूपर्यंत पोचतच नाही.