मुलकोवालची बाटली, मण्यारीचा दंश

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) गुलमंडीतून पैठण गेटकडे जाताना कुणाच्या पायात खिळा घुसला, की आजूबाजूचे दुकानदार एकच सल्ला देतात: ‘टीटी घेऊन टाका.’ सरकारी दवाखान्यात आता तिच्या जागी टीडी मिळते, पण लोकांच्या तोंडी टीटीच राहिली. ही सुई इतकी अंगवळणी पडली आहे, की धनुर्वात प्रत्यक्षात कसा दिसायचा हे सांगायला जुनी माणसं शोधावी लागतात. सर्पदंशाचं तसं झालेलं नाही. पावसाळा लागला की कन्नड, खुलताबाद, सोयगावकडचे रुग्ण आजही घाटी या सरकारी रुग्णालयात येतात. धनुर्वाताचं विष आणि मण्यारीचं विष, दोन्हींचा घाव मज्जातंतूच्या टोकावर बसतो. मग एकाला आपण जवळपास आवरलं आणि दुसरं अजून माणसं का नेतं, याचं उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सापडतं.

तो इतिहास १९०२ पासून पाहावा लागतो. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुलकोवाल गावात (आज ते पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचली. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून, वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार होऊन गेली होती. ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं, ते एकोणीसच्या एकोणीस जण धनुर्वाताने गेले. चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला आणि हाफकिनना पद सोडावं लागलं. पुढे दुसरीच बाजू उजेडात आली: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर ती उघडताच घाण वास आला असता, आणि तसा वास कुणालाच आला नव्हता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीर बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. माणसाच्या अब्रूच्या दृष्टीने ही पाच वर्षं फार झाली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं, ही त्याची उशिराची भरपाई.

धनुर्वाताच्या जंतूंची बीजं घोड्याच्या लिदीत भरपूर असतात आणि त्यावरचा उताराही घोड्यानेच दिला. थोडं थोडं विष टोचून प्राण्याच्या रक्तात प्रतिद्रव्य तयार करायचं, ही वाट बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवली, आणि १८९५च्या सुमारास काल्मेत यांनी ती सापाच्या विषाकडे वळवली. हाफकिन संस्थेने १९४०च्या दशकात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालणारं प्रतिसर्पविष बनवायला घेतलं. हाफकिनच्या पिंपरीतल्या तबेल्यातल्या घोड्यांवर मराठी मुलखाने किती जीव वाचवले, याची गणती कुणी ठेवलेली नाही.

पण डॉक्टरांना एक कोडं सतावत राहिलं. नाग चावलेल्या रुग्णाला प्रतिसर्पविष आणि निओस्टिग्मिन दिलं की पापण्या उघडू लागतात. मण्यारीच्या रुग्णाला कुपीमागून कुपी दिली तरी तो तसाच पडून राहतो. खुलासा मिळायला १९६३ उजाडावं लागलं. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून दोन वेगळी द्रव्यं काढली. अल्फा हे स्नायूच्या बाजूला जाऊन बसतं, म्हणजे तंतूकडून आलेला ॲसिटिलकोलीन हा निरोप घेणारी जागाच अडवतं. नागाचं विषही हेच करतं. बीटा तंतूच्या टोकावर, म्हणजे निरोप पाठवणाऱ्यावर, हल्ला करतं. ते एक विकर आहे. टोकाच्या पातळ पडद्यातलं स्निग्ध द्रव्य ते फोडतं, निरोपाच्या पिशव्या बेभान रिकाम्या होतात, त्या पुन्हा भरल्या जात नाहीत आणि शेवटी टोकच मोडून पडतं. गोदाम लुटलं गेल्यावर दाराला कुलूप लावण्याइतकाच तेव्हा प्रतिसर्पविषाचा उपयोग. रक्तात उरलेलं विष ते बांधून ठेवतं. टोकाचं झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही.

जंतूंचं विष याहून नेमकं निघालं. १९९२ मध्ये इटलीतल्या पादोव्याच्या मोंतेकुक्को आणि स्कियाव्हो यांनी दाखवलं, की धनुर्वाताचं विष टोकाच्या आत शिरून सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं एकच प्रथिन कापतं. हे प्रथिन पिशवीला पडद्याशी जोडतं. ते तुटलं की निरोप भरलेल्या पिशव्या आतच अडकून राहतात. बिघडलेल्या डबाबंद अन्नात तयार होणाऱ्या बोट्युलिनम विषाचा बी प्रकार तेच प्रथिन अगदी त्याच जागी कापतो. तरी एकात शरीर धनुष्यासारखं ताठतं आणि दुसऱ्यात लुळं पडतं. कारण धनुर्वाताचं विष तंतूतून वर चढत मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना लगाम घालणाऱ्या पेशींची टोकं बंद पाडतं. बोट्युलिनम स्नायूपाशीच थांबतं. त्याच्याच ए प्रकाराच्या अतिसूक्ष्म मात्रेने आज शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे कपाळावरच्या आठ्या पुसल्या जातात. विज्ञानाला विनोदबुद्धी असावी.

मज्जातंतूच्या टोकांशी सर्वाधिक झुंजलेला मराठवाड्याचा माणूस म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं. महाडजवळच्या बिरवाडीत त्यांना लाल विंचवाने मरणारी पोरं पाहावी लागली. विंचवाचं विष तंतूच्या टोकांना सतत चेतवत ठेवतं, रसायनांचा पूर येतो आणि हृदय थकून फुफ्फुसात पाणी भरतं. टोकाचं काही करता येईना, तेव्हा त्यांनी पलीकडच्या बाजूला, रक्तवाहिन्यांपाशी, प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीने त्या पुराला बांध घातला. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला त्यांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे दोघांनी महाडला नाग आणि मण्यारीच्या रुग्णांवरही लिहिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

धनुर्वाताचा प्रश्न मात्र टोकापर्यंत विष पोचूच न देता सुटला. गरोदर बायांना लस आणि नाळ कापायला स्वच्छ पातं, एवढ्यावर. एकेकाळी देशात दरवर्षी दीड-दोन लाख अर्भकं नेणाऱ्या नवजातांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनावर २०१५ मध्ये शिक्कामोर्तब झालं. मण्यारीवर लस नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण बहुधा दिसत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जडावतात आणि सकाळपर्यंत श्वास मंदावतो. मोडलेलं टोक पुन्हा उगवतं, पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर श्वास यंत्राने किंवा हाताने द्यावा लागतो. कितीतरी रुग्णांच्या उशाशी नातेवाईक रात्रभर अंबू बॅग दाबत बसले आहेत. मराठवाड्याला मिळालेल्या नादुरुस्त व्हेंटिलेटरांचा विषय मे २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला, तो करोनामुळे. सर्पदंशाच्या रुग्णांसाठी अशी याचिका कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्यात कुप्यांच्या पुरवठ्याचा विचार आहे आणि तो हवाच. पण सोयगावहून घाटी गाठायला दोनेक तास सहज जातात. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता श्वासनलिकेत नळी घालू शकणारा डॉक्टर हजर आहे का, हे मी त्या आराखड्यात आधी तपासेन.